धुरापासून माफी

वोयनशेतचं मागणं अगदी लहान होतं. स्वतःच्या घरातली एक खिडकी महिनाभर उघडी ठेवायची आणि तेवढा महिना घरात धूर होऊ द्यायचा नाही. ह्याहून मोठाली मागणी घेऊन माणसं सरकारी कचेरीत जातात आणि कधीकधी काम करून परतही येतात. वोयनशेतची मात्र त्या एका खिडकीपायी जी शोभा झाली, ती अदिस अबाबातल्या आमच्या बेचाळीस नंबरच्या इमारतीत अजून सांगितली जाते. आणि सांगणारीला मध्येच ठसका लागला, तर ऐकणाऱ्या तिच्याकडे जरा निरखून बघतात.

खोकला जानेवारीत, तिमकतच्या सणाला आला. सणाचा पाहुणा सणाबरोबर जातो, हा गेला नाही. ईस्टरआधीचा मोठा उपास सुरू झाला, पंचावन्न दिवसांनी सुटला, खोकला होता तिथेच. वोयनशेत सातवीला भूगोल शिकवायची. निळी नाईल ताना सरोवरातून काढायची आणि एका दमात थेट भूमध्य समुद्रात नेऊन सोडायची, अशी तिची शाळेत ख्याती होती. आता नदी सुदानच्या हद्दीशी येऊन अडायची. बाई फळ्याला हात टेकून उभ्या, आणि पुढची नदी मुलं आपापसात वाटून घ्यायची. घरी चार वर्षांची हासेत आईच्या छातीला कान लावून पडायची आणि बातमी द्यायची, "आई, मांजर उठलं." छातीत जी शीळ वाजायची, तिला ती मांजर म्हणत असे. ते काय खातं, त्याला अंधाराची भीती वाटते का, आणि ते बाहेर कधी येणार, हे तीन प्रश्न ती रोज नव्याने विचारायची.

डॉक्टर तरुण होता आणि त्याने फार वेळ घेतला नाही. दमा आहे म्हणाला. पंप लिहून दिला आणि वर म्हणाला की पंपाहून मोठं औषध म्हणजे पथ्य. कोळशाची शेगडी नको, धूप नको, लाकडाची चूल नको, खिडकी उघडी हवी. महिनाभर पाळलंत तर छाती निवेल. "नाही पाळलंत आणि पुन्हा अशी दाटली," तो कागदावर लिहिता लिहिताच म्हणाला, "तर माझ्यापर्यंत पोचाल की नाही, मी नाही सांगू शकत." बसची वेळ सांगावी तसं त्याने हे सांगितलं. वोयनशेत तेवढंच वाक्य घेऊन घरी आली.

घरी पहिला अडसर नवऱ्याचा. देरेजे बँकेत होता, शिकलेला होता, भूतखेत मानत नव्हता. पण वारा मानत होता. आमच्या शहरात वाऱ्याइतकी कशाचीच दहशत नाही. बसमध्ये माणसं घामाने निथळतील पण काच खाली करणार नाहीत; समोरासमोरच्या दोन खिडक्या एकदम उघडणारा माणूस घरादाराच्या जिवावर उठलेला समजतात. देरेजेने त्या संध्याकाळी घरातल्या घरात मफलर गुंडाळला, लेकीला लोकरीची टोपी घातली आणि सोफ्याच्या दूरच्या टोकाला जाऊन बसला.

"डॉक्टर शिकला कुठे?" त्याने विचारलं.

"जिम्माला."

"मग बरोबर. तिथे उबदार असतं. त्याला आपल्या वाऱ्याचं काय कळणार?"

ती झोपली की तो खिडकी लावायचा, ती जागी झाली की उघडायची. ह्या विषयावर दोघं एक शब्द बोलत नसत. खिडकीची कडी मात्र आठ दिवसांत निखळली, आणि मग खिडकी धड लागेना, धड उघडेना. सुतार येऊन गेला. त्याने कडी बसवली आणि जाता जाता अळीव, लिंबू आणि लसणाचा उपायही सांगून गेला.

उपाय सांगायला कुणी कमी पडलं नाही. तळमजल्यावरून आल्याचा रस आला, दुसऱ्या मजल्यावरून सतापीची पानं. शाळेच्या शिपायाने निलगिरीचा पाला जाळून त्याची धुरी घ्यायला सांगितली. धुरीचाच त्रास आहे म्हटल्यावर तो म्हणाला की म्हणूनच, सवय होते. हे सगळं वोयनशेतने हसून घेतलं. खरा पेच पुढे होता, आणि तो कॉफीचा होता.

आजारी माणसाला भेटायला जायचं आणि कॉफी न करता उठायचं, हे आमच्यात बसत नाही. कॉफी म्हणजे काही कप नव्हे. शेगडी पेटते, दाणे धुतात, तव्यावर भाजतात, आणि धूर सुटला की तो तवा एकेकाच्या नाकाखाली आणतात. आपण दोन्ही हातांनी धूर स्वतःकडे ओढायचा आणि छान म्हणायचं. मग निखाऱ्यावर धूप पडतो. मक्याच्या लाह्या येतात. कॉफीच्या तीन वाट्या होतात, आणि तिसरी आशीर्वादाची असते. त्याआधी जो उठला, तो घरचा आशीर्वाद भांड्यात टाकून गेला. म्हणजे एका प्रेमाच्या भेटीला कमीत कमी दोन तासांचा धूर. वोयनशेत खोकते म्हणून लोक येत, लोक येत म्हणून शेगडी पेटे, शेगडी पेटे म्हणून वोयनशेत खोके, आणि खोकला वाढला हे पाहून पुढचे लोक येत. बरं, नको म्हणायचं कुणाला? बाळंतपणात ह्याच बायकांनी तिला चाळीस दिवस घास भरवला होता.

अशात पहिल्या मजल्यावरच्या एकाचे वडील वारले. मयताचं सगळं आमच्याकडे इद्दर बघते, म्हणजे शेजाऱ्यांचं मर्तिकाचं मंडळ: तंबू, बाकं, पातेली आणि माणसं. बायकांनी तीन दिवस आवारातल्या सामाईक स्वयंपाकघरात राबायचं, हा नियम. पत्र्याची शेड, ओल्या निलगिरीची लाकडं, धुराड्याच्या जागी एक भोक. दुसऱ्या दिवशी डाळ ढवळताना वोयनशेतची छाती अशी दाटली की दोघींनी धरून तिला तीन मजले वर नेलं. पंप ओढला, तासाने रंग परतला. हासेत पलंगाखाली जाऊन बसली होती. मांजर आईला खातंय असं तिला वाटलं होतं.

त्या संध्याकाळी वोयनशेतने ठरवलं की इद्दरकडून रीतसर माफी घ्यायची. धुरापासून माफी. आपण शिकलेल्या आहोत, अर्ज लिहू, सही करू, प्रश्न मिटेल. शिकलेल्या माणसाची अर्जावर जी श्रद्धा असते, ती साधूसंतांत आढळत नाही.

इद्दरचे चिटणीस अतो गेझाहेन, म्हणजे गेझाहेनराव, हे निवृत्त टपाल कारकून. शिक्का असल्याशिवाय त्यांना कागद कागद वाटत नसे, आणि बहुधा माणूसही. त्यांनी खासगी दवाखान्याची चिठ्ठी चालणार नाही म्हणून सांगितलं. सरकारी इस्पितळाने आरोग्य केंद्राची शिफारस मागितली. आरोग्य केंद्रातल्या बाई म्हणाल्या की दोन आठवड्यांवर खोकला म्हणजे आधी क्षयाची तपासणी, आणि हातावर थुंकीच्या तीन डब्या ठेवल्या. वोयनशेत त्या डब्या ओढणीखाली लपवून बसने घेऊन गेली. बसच्या काचा अर्थातच बंद होत्या. तिला उबळ आली तशी शेजारची सीट रिकामी झाली, मग पुढची, मग मागची. सबंध अदिसमध्ये त्या दिवशी एवढी ऐसपैस बसलेली बाई तीच. क्षय निघाला नाही. पण डब्या कुणीतरी बघितल्या होत्याच, आणि शाळेत तिची पाण्याची बाटली कपाटातून काढून वेगळी ठेवली गेली. बाटली तेवढी खिडकीत उभी असायची, एकटी.

सात आठवड्यांनी शिक्क्याचं पत्र आलं. अतो गेझाहेननी ते उजेडात धरलं, सहीवर शिक्का चढलाय का बघितलं, आणि सभेत वाचलं. 'धुरापासून दूर राहावे.'

"ह्यात धूर लिहिलंय," ते म्हणाले. "धूप लिहिलेलं नाही."

बायकांच्या प्रमुख एत्ये झेनेबेच, म्हणजे झेनेबेचताई. अंगाने भक्कम, मनाने प्रेमळ. आणि त्यांच्या प्रेमाला कुणी हात आडवा केलेला त्यांना खपत नसे. त्या म्हणाल्या, "धूप धुरात मोडत नाही. तो चर्चमध्ये देवापुढे असतो. त्याला धूर म्हणणार असाल तर आधी तसं पाद्रीबाबांना विचारून या." ह्यावर हात वर करायची कुणाची छाती झाली नाही. धूप वगळून माफी मंजूर झाली.

वोयनशेतला वाटलं, जिंकले. पण नियम चौदाप्रमाणे माफी फक्त गंभीर आजारी सभासदाला मिळत असे, आणि नियम पंधराप्रमाणे गंभीर आजारी सभासदाकडे दोन बायकांनी पाळीपाळीने रोज भेटायला जायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता दार वाजलं. दारात दोघी उभ्या होत्या. एकीच्या हातात शेगडी, दुसरीच्या हातात धुपाची पुडी.

आधी जे प्रेमाने अधूनमधून होत होतं ते आता नियमाने रोज होऊ लागलं. शाळेतून येऊन वोयनशेत वह्यांचा गठ्ठा ठेवते न ठेवते तोच तवा नाकाखाली. तिने एकदा हात जोडून सांगितलं, की बायांनो, तुमच्या येण्याचा आनंदच आहे, पण धुपाने मला श्वास घेववत नाही. त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. पुडी मुकाट्याने मिटली गेली. त्या दिवशी दोघी दुसऱ्या वाटीनंतरच उठल्या.

धूप नेमका कुणाला सोसत नाही, हे आमच्यात पोरालाही ठाऊक असतं. माणसाला तर सोसतोच. जे सोसू शकत नाही, ते माणसाच्या आत शिरलेलं असतं.

आठ दिवसांत इमारतीचा निकाल झाला. पायऱ्यांवर बायका तिला वाट देऊ लागल्या, जरुरीपेक्षा जास्त. अखेर एत्ये झेनेबेच स्वतः आल्या आणि देरेजेशी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलल्या. जो देरेजे भूत मानत नव्हता, तो खाली मान घालून बाहेर आला. "एकदा जाऊन येऊ," तो म्हणाला. "लोकांची तोंडं बंद होतील. पाणीच तर आहे."

पाणी डोंगरावरच्या चर्चचं होतं, पवित्र होतं आणि पहाटेचं होतं. वोयनशेत पांढऱ्या कपड्यात, उपाशीपोटी, अनवाणी रांगेत उभी राहिली. ज्या नवऱ्याने महिनाभर खिडकीची फट सोसली नाही, तो तिचा कोट हातावर घेऊन बाजूला उभा होता आणि डोंगराचा वारा दोघांच्या आरपार जात होता. नळाची धार माथ्यावर पडली तसा तिचा श्वास आत गेला तो बाहेरच येईना. मग उबळ आली. म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी तिच्या कपाळाला क्रूस टेकवून विचारलं, "तू कोण आहेस? नाव सांग." भोवतीची गर्दी पुढे सरकली. आतलं काय बोलतं ते ऐकायला एत्ये झेनेबेचनी ओढणी कानावरून मागे केली.

"वोयनशेत ताफेसे," ती कशीबशी म्हणाली. "शिक्षिका. भूगोल."

गर्दीची निराशा झाली. एक बाई स्पष्टच म्हणाली की मोठं बेरकी दिसतंय, कागदपत्रांतलं नाव सांगतंय.

त्यानंतर सहा दिवस ताप. आजार वाढला म्हणून भेटीला येणाऱ्या दोघींच्या चौघी झाल्या. त्या दिवसांत एकदा हासेत खाली चटईवर बाहुल्यांना कॉफी करत होती. काडेपेटीची शेगडी, बाटलीच्या टोपणाच्या वाट्या. तिने पुठ्ठ्याने वारा घातला, खोटा तवा बाहुल्यांच्या नाकाखाली धरला, आणि मग नीट बसून तीनदा खोकली. एक पहिल्या वाटीला, एक दुसऱ्या, एक तिसऱ्या. वोयनशेत पलंगावरून बघत राहिली. पोरीला तो कॉफीचाच भाग वाटत होता.

सातव्या दिवशी पाळी एमामा अस्कालेचची, म्हणजे अस्कालेचआजीची होती. इमारतीतली सगळ्यात म्हातारी बाई, तळमजल्यावर एकटी राहणारी. बरोबरच्या तिघी एका लग्नाला गेल्या होत्या. एमामा तीन मजले चढून आली, पेटती शेगडी दाराबाहेर जिन्यात ठेवली, आत आली आणि दार लावून घेतलं. मग खिडकीशी गेली, दोन्ही दारं भिंतीला टेकेपर्यंत उघडली आणि खुर्ची तिथेच ओढून बसली. बराच वेळ तिला बोलता येईना. खोलीत शीळ वाजत होती, आणि ह्या खेपेला ती वोयनशेतच्या छातीतली नव्हती.

हासेतने जाऊन तिच्या छातीला कान लावला. "आई, हिच्याकडे पण आहे," ती म्हणाली. "हिचं मोठं आहे."

"कधीपासून, एमामा?" वोयनशेतने विचारलं.

"नवव्या वर्षापासून चुलीशी आहे, लेकरा. कधीपासून ते चुलीला विचार." ती थांबली, पुन्हा श्वास गोळा केला. "आम्ही ह्याला वय म्हणतो. तुझ्या डॉक्टरने वेगळं नाव ठेवलंय, एवढंच."

"मग तुम्ही माफी का नाही मागितली?"

"मागितली असती तर तुझ्यासारखी रोज कॉफी प्यावी लागली असती."

वोयनशेत हसली. हसताना खोकली, एमामाही खोकली, आणि दोघींना थांबायला मिनिटभर लागलं.

त्यानंतर एमामाने इतरांच्या पाळ्या मागून घेतल्या. म्हाताऱ्या माणसाला पुण्य हवं असतं, एत्ये झेनेबेचना ते पटलं. रोज चारला ती शेगडी घेऊन वर यायची, शेगडी जिन्यात, आपण खिडकीत. वोयनशेत तिला पंप कसा ओढायचा ते शिकवायची. एमामा आधी फुंकर मारायची, जन्माची सवय. जाताना दोघी अंगावर चिमूटभर धूप चोळायच्या, वास यायला हवा म्हणून. खाली विचारलं की एमामा सांगायची, तीन वाट्या झाल्या, आशीर्वाद झाला. असे अकरा दिवस. अकराव्या दिवशी सातवीच्या वर्गात नाईल खार्टूमपर्यंत गेली.

त्या अकराव्या दिवशी एमामा उठताना म्हणाली, "मी गेले की त्या सगळ्या शेडमध्ये माझ्या नावाने धूर करतील. तू येऊ नकोस. तुझ्याकडे शिक्का आहे."

बाराव्या दिवशी चार वाजले, सव्वाचार झाले. ती जिन्यात दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसलेली सापडली, शेजारी शेगडी, निखारे अजून लाल. कशाने गेली म्हणून कुणी विचारलं नाही. वय झालं होतं.

तंबू पडला. माफी असलेल्या सभासदाने तंबूत बाकावर बसायचं असतं. वोयनशेत बसली. समोरच्या शेडच्या भोकातून धूर वर चढत होता. एमामाला मूल नव्हतं, भाऊबहीण उरलं नव्हतं; तिच्यासाठी मयताचे गहू-वाटाणे उकडायला घरचं म्हणून एक माणूस नव्हतं. वोयनशेत अर्धा तास बसली. मग ओढणीचा काठ तोंडाशी घट्ट घेतला, पंप पोलक्यात खोचला आणि शेडमध्ये गेली. एत्ये झेनेबेचच्या हातातला डाव तिने घेतला.

चार तास ती पातेल्याशी होती. डोळे वाहत होते, छाती वरखाली होत होती, गळ्यातून असा आवाज निघत होता की बायकांनी आपापली कामं थांबवली. पंप दोनदा ओढणीआड ओढला, तिसऱ्यांदा तो रिकामाच वाजला. एत्ये झेनेबेच जवळ आल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बघा गं. पोटची लेकसुद्धा इतकी रडत नाही."

हे रडणं नव्हे, असं वोयनशेतला सांगायचं होतं. पण त्याला श्वास लागतो. आणि खरं सांगायचं तर त्यातलं किती रडणं होतं आणि किती धूर, हे तिलाही वेगळं काढता आलं नसतं. महिनोन्‌महिने ज्या खोकल्याने तिला गावाबाहेर काढलं होतं, त्या खोकल्याला त्या दुपारी मान मिळाला. बायकांनी तिला मिठी मारली. आतलं जे काही होतं ते एमामा बरोबर घेऊन गेली, असं कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांना पटलं.

तिसऱ्या दिवशी तंबू उतरवताना अतो गेझाहेन वही घेऊन आले. सभासद चार तास धुरात काम करताना आढळला, बावीस साक्षीदार. सबब नियम सोळाप्रमाणे सभासद बरा आहे, माफी रद्द, रोजच्या भेटीही रद्द. खाली सही, सहीवर शिक्का. पुढच्या मयताला पहिल्या पाळीत तिचं नाव होतं. देरेजेने तो कागद दोनदा वाचला आणि तिच्यासाठी नवा पंप आणायला गेला. जाताना, कुणी न सांगता, खिडकी उघडून गेला.

चार वाजले. दार वाजलं नाही. वोयनशेत एमामाच्या खुर्चीत बसली होती, आणि मांडीवर चढून हासेतने कान लावला, बराच वेळ.

"आई, मांजर आहे अजून."

"असू दे," वोयनशेत तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. "आता त्याला भेटायला कुणी येणार नाही."